आशय व्यवस्थापन प्रणाली

आशय व्यवस्थापन प्रणाली : संकेतस्थळावरील मजकूर, चित्रे, ध्वनिफिती इ. सामग्री एका माहितीसंचयात साठवून तिची मांडणी ठराविक साच्यांच्या साहाय्याने आपोआप करणारी, आणि ही सर्व कामे ब्राउझरमधूनच करण्याची सोय देणारी संगणकीय आज्ञावली. ‘आशय’ या शब्दात वाचकापुढे जावयाचे सर्व काही येते. ‘व्यवस्थापना’त त्याचे लेखन, संपादन, वर्गीकरण, प्रसिद्धी आणि जतन यांचा समावेश होतो. वर्डप्रेस, द्रुपल, जूमला, टायपोथ्री व प्लोन ह्या अशा प्रकारच्या प्रसिद्ध प्रणाली होत. आज लहानमोठ्या संस्था, शाळा, वृत्तपत्रे, व्यापारी पेढ्या आणि शासकीय खाती यांची संकेतस्थळे बहुधा अशाच एखाद्या प्रणालीवर उभारलेली असतात.

ह्या प्रणालींचा इतिहास वरवर पाहता तांत्रिक सुधारणांचा वाटतो. परंतु त्याच्या मुळाशी एक सामाजिक प्रश्न आहे. छापखान्यात लेखक, संपादक, कंपोझिटर आणि यंत्रचालक यांची कामे वेगळी असत व लेखकाला खिळे जुळविता येण्याची गरज नसे. महाजालाच्या आरंभीच्या काळात मात्र ज्याला पान रचता येईल त्यालाच लिहिता येईल, अशी स्थिती निर्माण झाली. लेखन आणि रचना यांची ही गाठ सोडवून, सामान्य माणसाच्या हाती प्रसिद्धीचे साधन देणे हे आशय व्यवस्थापन प्रणालीचे मुख्य कार्य होय. ते कितपत साधले, आणि त्यासाठी शिकणाऱ्याला कोणते नवे ओझे उचलावे लागले, हे तिच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

पूर्वपीठिका : मजकूर आणि त्याचे बाह्य रूप एकमेकांपासून वेगळे ठेवावे, ही कल्पना महाजालापेक्षा जुनी आहे. अमेरिकेतील आयबीएम कंपनीत चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर व रेमंड लोरी यांनी १९६९ मध्ये कायदेविषयक कागदपत्रांच्या हाताळणीसाठी एक खूणभाषा तयार करावयास घेतली. एखादा मजकूर ठळक दिसावा की तिरका, हे न सांगता तो मथळा आहे, परिच्छेद आहे की तळटीप आहे एवढेच खुणेने सांगावे. त्याचे रूप नंतर हवे तसे ठरविता येते, हे तिचे तत्त्व होते. ह्याच तत्त्वावर आधारलेल्या एसजीएमएल ह्या भाषेला १९८६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. पुढे संकेतस्थळांसाठी वापरात आलेली एचटीएमएल ही खूणभाषा तिच्याच घराण्यातील होय.

जिनीव्हाजवळील सर्न ह्या अणुकेंद्रीय संशोधन संस्थेत टिम बर्नर्झ-ली (१९५५– ) यांनी मार्च १९८९ मध्ये माहितीच्या परस्परजोडणीची एक योजना मांडली. तीतून महाजालाचा उगम झाला. १९९० च्या अखेरीस त्यांनी तयार केलेल्या पहिल्या ब्राउझरमध्ये एक गोष्ट लक्षणीय होती : त्यात पान वाचता येई आणि ते तेथल्या तेथे दुरुस्तही करता येई. वाचक व लेखक यांत भेद असू नये, अशी ही कल्पना होती. तथापि हा ब्राउझर केवळ नेक्स्ट ह्या संगणकावरच चालत असे. इतर संगणकांसाठी १९९१ मध्ये तयार झालेल्या साध्या ब्राउझरमध्ये संपादनाची सोय नव्हती. सर्नने ३० एप्रिल १९९३ रोजी हे तंत्र सर्वांसाठी खुले केले. त्याच वर्षी इलिनॉय विद्यापीठातील मार्क अँड्रीसन व एरिक बायना यांनी मोझेक हा चित्रे दाखविणारा ब्राउझर प्रसृत केला आणि महाजाल लोकप्रिय झाले. परंतु मोझेकही वाचण्यापुरताच होता. लिहिण्याची सोय अशा रीतीने मागे पडली, व ती परत मिळविण्यास पुढील सु. दहा वर्षे खर्ची पडली.

हाताने रचलेली पाने : १९९३ पासून सु. २००० पर्यंत बहुतेक संकेतस्थळे हाताने रचली जात. रचनाकार एका फाईलमध्ये मजकूर व खुणा एकत्र लिही आणि ती फाईल सर्व्हरवर चढवी. दहा पानांच्या संकेतस्थळाला ही पद्धत पुरेशी होती. दोनशे पानांच्या संकेतस्थळावर मात्र प्रत्येक पानाच्या तळाशी असलेला दूरध्वनी क्रमांक बदलावयाचा झाल्यास दोनशे फाईली उघडाव्या लागत. मजकूर, मांडणी आणि दुवे एकाच ठिकाणी गुंतलेले असल्याने मजकुरात दुरुस्ती करताना मांडणी बिघडण्याचा धोकाही असे. त्यामुळे मोठ्या संस्थांतून ‘वेबमास्टर’ ही नवी नोकरी निर्माण झाली, आणि प्रत्येक खात्याचा मजकूर ह्या एका माणसाच्या टेबलावर खोळंबून राहू लागला.

ह्या अडचणीवर दोन प्रकारचे उपाय निघाले. पहिला उपाय, पान डोळ्यांपुढे दिसेल तसे रचू देणाऱ्या आज्ञावलींचा. व्हर्मीर टेक्नॉलॉजीज ह्या कंपनीची १९९५ मधील फ्रंटपेज (ही कंपनी १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतली) आणि मॅक्रोमीडिया कंपनीची १९९७ मधील ड्रीमवीव्हर ह्या त्यांपैकी प्रमुख होत. त्यांमुळे खुणा पाठ करण्याचे कष्ट वाचले. पण पाने सुटीसुटीच राहिली. दुसरा उपाय, आयत्या जागेचा. १९९४ मध्ये सुरू झालेल्या जिओसिटीज ह्या सेवेने कोणालाही विनामूल्य पान मांडू दिले. पुढे ही सेवा याहू कंपनीकडे गेली व ऑक्टोबर २००९ मध्ये ती बंद झाली. ज्यांनी आपल्या पानांची प्रत वेगळी ठेवली नव्हती, त्यांच्या हातून ती पाने गेली. दुसऱ्याच्या जागेत बांधलेल्या घराविषयीचा हा धडा पुढील काळासाठी महत्त्वाचा ठरला.

मांडणीचा प्रश्न सोडविण्यास आणखी एका तंत्राचे साहाय्य झाले. हाकून व्यूम ली यांनी ऑक्टोबर १९९४ मध्ये सुचविलेली सीएसएस ही रूपभाषा डिसेंबर १९९६ मध्ये मानक म्हणून मान्य झाली. तिच्यामुळे रंग, अक्षरांचे आकार, समास इ. गोष्टी पानाबाहेरील एका वेगळ्या फाईलमध्ये ठेवता येऊ लागल्या.

आरंभीच्या प्रणाली : पान आधीच रचून न ठेवता, वाचकाने मागणी करताच ते तयार करावे, ही पुढची पायरी होती. १९९३ मध्ये सीजीआय ह्या संकेतामुळे सर्व्हरला एखादी आज्ञावली चालवून तिचे उत्तर वाचकाकडे धाडणे शक्य झाले. ग्रीनलंडमध्ये जन्मलेले रास्मुस लेर्डोर्फ (१९६८– ) यांनी स्वतःच्या परिचयाचे पान कोण पाहतो हे कळावे म्हणून १९९४ मध्ये काही छोट्या आज्ञावली लिहिल्या व जून १९९५ मध्ये त्या सर्वांसाठी खुल्या केल्या. त्यांतूनच पीएचपी ही भाषा विकसित झाली. १९९५ मध्येच अपाचे हा सर्व्हर आणि स्वीडनमधील मायएसक्यूएल हा माहितीसंचय अस्तित्वात आला. लिनक्स ह्या कार्यकारी प्रणालीसह ही तिन्ही साधने विनामूल्य उपलब्ध असल्याने स्वस्त होस्टिंगच्या धंद्यास चालना मिळाली व अल्प भांडवलात संकेतस्थळ चालविणे शक्य झाले.

तथापि आशय व्यवस्थापन ही प्रथम श्रीमंतांची सोय होती. अमेरिकेतील व्हिनेट ह्या कंपनीने सीनेट ह्या वृत्तसंस्थेच्या अंतर्गत प्रणालीच्या आधारे स्टोरीसर्व्हर हे उत्पादन बाजारात आणले. इंटरवोव्हन ही तिची एक प्रतिस्पर्धी होती. वृत्तपत्रे, बँका व मोठे उद्योग हे त्यांचे ग्राहक होते. लहान संस्थांना अशा प्रणाली परवडण्यासारख्या नव्हत्या.

याच सुमारास वॉर्ड कनिंगहॅम यांनी मार्च १९९५ मध्ये पहिले ‘विकी’ संकेतस्थळ खुले केले. त्यातील प्रत्येक पानावर दुरुस्तीची सोय होती व ती कोणाही वाचकास उपलब्ध होती. बर्नर्झ-ली यांच्या पहिल्या ब्राउझरमधील हरवलेला गुण येथे वेगळ्या वाटेने परत आला.

मुक्त प्रणालींचा उदय : रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८९ मध्ये सिद्ध केलेल्या जीपीएल ह्या परवान्यानुसार आज्ञावलीचा वापर, अभ्यास, बदल आणि पुनर्वितरण करण्याचा हक्क प्रत्येकास मिळतो, अट एवढीच, की बदललेली आज्ञावली दुसऱ्यास देताना हेच हक्क त्यालाही द्यावेत. २००० नंतर उदयास आलेल्या तीन प्रमुख प्रणालींचा इतिहास ह्या परवान्याशी जोडलेला आहे.

द्रुपलचा जन्म बेल्जियममधील अँटवर्प येथे झाला. तेथील विद्यापीठाचे विद्यार्थी ड्रीस बाउटार्ट (१९७८– ) व त्यांचे मित्र यांनी २००० मध्ये वसतिगृहात एक इंटरनेट जोडणी वाटून घेतली होती. एकमेकांस निरोप देण्यासाठी बाउटार्ट यांनी एक छोटे संकेतस्थळ रचले. शिक्षण संपल्यावर ते महाजालावर ठेवताना त्यांना ‘डॉर्प’, म्हणजे डच भाषेत खेडे, हे नाव द्यावयाचे होते. टंकलेखनातील चुकीमुळे ‘ड्रॉप’ असे झाले आणि तेच राहिले. ‘थेंब’ ह्या अर्थाच्या डच शब्दावरून पुढे द्रुपल हे नाव पडले. जानेवारी २००१ मध्ये बाउटार्ट यांनी आपली आज्ञावली खुली केली. गुंतागुंतीच्या रचनेसाठी ती विशेष उपयुक्त ठरली. अमेरिकेच्या अध्यक्षांच्या कार्यालयाचे संकेतस्थळ ऑक्टोबर २००९ ते डिसेंबर २०१७ ह्या काळात द्रुपलवर होते. त्यानंतर ते वर्डप्रेसवर नेण्यात आले.

वर्डप्रेसचा आरंभ एका बंद पडलेल्या प्रकल्पातून झाला. मिशेल वाल्द्रिगी यांची बी२ ही आज्ञावली २००१ पासून वापरात होती. परंतु २००२ च्या अखेरीस तिचे काम थंडावले. अमेरिकेतील ह्यूस्टन विद्यापीठाचा एकोणीस वर्षांचा विद्यार्थी मॅट मलनवेग (१९८४– ) याने जानेवारी २००३ मध्ये असे जाहीरपणे लिहिले, की बी२ जीपीएल परवान्याखाली असल्याने ती पुढे चालविता येईल. इंग्लंडमधील माइक लिटल यांनी त्यास प्रतिसाद दिला. ह्या दोघांनी २७ मे २००३ रोजी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. मूळ कर्त्याचा हात थांबला तरी काम थांबले नाही, याचे श्रेय परवान्याकडे जाते. मे २००४ मध्ये मूव्हेबल टाइप ह्या लोकप्रिय प्रणालीने आपल्या परवान्याच्या अटी व दर बदलले, तेव्हा तिचे अनेक वापरकर्ते वर्डप्रेसकडे वळले. त्याच महिन्यात वर्डप्रेसमध्ये पूरक आज्ञावली जोडण्याची सोय झाली. फेब्रुवारी २००५ मध्ये बदलता येणाऱ्या थीम आणि स्थिर पाने यांची भर पडली. जून २०१० मधील ३.० ह्या आवृत्तीने ग्रंथ, व्यक्ती, कार्यक्रम यांसारखे आशयाचे स्वतंत्र प्रकार सुलभ केले आणि दैनंदिन नोंदींचे हे साधन सर्वसाधारण आशय व्यवस्थापन प्रणाली म्हणून मान्यता पावले. डब्ल्यूथ्रीटेक्स ह्या संस्थेच्या पाहणीनुसार २०२१ मध्ये तिने पाहणी केलेल्या एकूण संकेतस्थळांपैकी ४०% हून अधिक संकेतस्थळे वर्डप्रेसवर होती.

जूमला ही प्रणाली मतभेदातून निर्माण झाली. ऑस्ट्रेलियातील मीरो कंपनीने आरंभलेल्या मँबो ह्या प्रणालीच्या कारभाराविषयी वाद होऊन ऑगस्ट २००५ मध्ये तिचे विकासक बाहेर पडले. त्यांनी सप्टेंबर २००५ मध्ये आपला नवा फाटा ‘जूमला’ ह्या नावाने सुरू केला. हे नाव स्वाहिली भाषेतील ‘सर्व मिळून’ ह्या अर्थाच्या शब्दावरून घेतलेले आहे. तो शब्द मूळ अरबी असून, मराठी हिशेबी कागदपत्रांत एकूण बेरजेसाठी येणारा ‘जुमला’ हा शब्दही त्याच मुळापासून आलेला आहे.

रचना व कार्य : ह्या प्रणालींचे सर्वसाधारण कार्य पुढीलप्रमाणे चालते. लेखक ब्राउझरमधील एका चौकटीत मजकूर लिहितो. तो मजकूर माहितीसंचयातील कोष्टकांत साठविला जातो. मूळ स्थितीतील वर्डप्रेसमध्ये अशी १२ कोष्टके असतात. वाचकाने एखादा पत्ता मागितला, की सर्व्हरवरील आज्ञावली त्या पत्त्याशी संबंधित मजकूर शोधते, थीममधील योग्य साच्यात तो भरते आणि तयार झालेले पान वाचकाकडे धाडते. वारंवार मागितले जाणारे पान प्रत्येक वेळी नव्याने रचावे लागू नये म्हणून त्याची तयार प्रत काही काळ राखून ठेवतात. मजकूर, साचा व आज्ञावली ही तीन अंगे अशा रीतीने वेगवेगळी राहतात. थीम बदलली तरी मजकूर अबाधित राहतो, आणि एका ठिकाणी बदललेला दूरध्वनी क्रमांक सर्व पानांवर बदलतो.

मूळ प्रणालीत नसलेल्या सोयी प्लगइनच्या द्वारा जोडतात, उदा., अर्जाचा नमुना, दिनदर्शिका, विक्रीची व्यवस्था इत्यादी. कोणी काय करावे हेही ठरवून देता येते. वर्डप्रेसमध्ये प्रशासक, संपादक, लेखक, सहलेखक व सदस्य अशा पाच भूमिका असतात. सहलेखकाला मजकूर लिहिता येतो, पण प्रसिद्ध करता येत नाही. तो अधिकार संपादकाचा. मुद्रित नियतकालिकांतील कामाची वाटणी येथे नव्या रूपात अवतरलेली दिसते.

शिक्षणाचे स्वरूप : ‘पाच मिनिटांत स्थापना’ असे वर्डप्रेसचे आरंभापासूनचे एक आश्वासन आहे, आणि स्थापनेपुरते ते बहुधा खरेही ठरते. डोमेन नाव नोंदविणे, होस्टिंग घेणे, माहितीसंचय निर्माण करणे आणि प्रणालीस त्याचा पासवर्ड सांगणे एवढ्या पायऱ्या पुरेशा असतात. नवशिक्याने महाजालावर प्रयोग करण्यापूर्वी आपल्याच संगणकावर स्थानिक सर्व्हर मांडून सराव करावा, अशी रीत आहे. चुकले तर सर्व पुसून पुन्हा आरंभ करता येत असल्याने भीती राहत नाही. खरे शिक्षण स्थापनेनंतर सुरू होते.

एखाद्या तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयाचे उदाहरण घेतल्यास हे स्पष्ट होईल. वाचनालयाचा इतिहास, पत्ता, वर्गणीचे नियम आणि उघडण्याच्या वेळा ह्या गोष्टी क्वचितच बदलतात. त्यांची जागा स्थिर पानांत असते. व्याख्यानमालेची सूचना, नव्या ग्रंथांची यादी, सुटीची जाहीर खबर ह्या तारखेशी बांधलेल्या गोष्टी असून त्यांची जागा नोंदींत असते. नवशिक्याला हा भेद आरंभी उमगत नाही. तो सूचना स्थिर पानावर लिहितो, पुढच्या महिन्यात ती पुसून नवी लिहितो, आणि वर्षअखेर वाचनालयाच्या कार्याची एकही खूण उरत नाही. त्याचप्रमाणे नोंदींचे वर्ग आणि त्यांना जोडावयाचे सूचिशब्द यांत अंतर असते. वर्ग हे ग्रंथाच्या अनुक्रमणिकेसारखे थोडे व ठरीव असावेत; सूचिशब्द हे ग्रंथाच्या शेवटच्या सूचीसारखे अनेक व बारीक असावेत. ज्या ग्रंथपालाने आयुष्यभर पुस्तकांचे वर्गीकरण केले, त्याला हे सांगावे लागत नाही. संगणकाचे ज्ञान बेताचे असूनही असा ग्रंथपाल उत्तम संकेतस्थळ रचू शकतो. उलट, केवळ आज्ञावली जाणणारा तरुण बाहेरून देखणे परंतु आत काही न सापडणारे संकेतस्थळ उभारण्याची शक्यता असते.

खुणांची भाषा शिकण्याची गरज प्रणालीने कमी केली, पण आशयाची रचना करण्याचे शिक्षण तिने कोणासही माफ केलेले नाही. किंबहुना ते अधिक निकडीचे केले. प्लगइनांच्या बाबतीतही असेच घडते. प्रत्येक सोय विनामूल्य व एका कळीसरशी मिळत असल्याने नवशिका ती जोडत जातो. प्रत्येक प्लगइन हे कोणा अनोळखी कर्त्याचे काम असून त्याची देखभाल थांबल्यास सारे संकेतस्थळ अडचणीत येते, याची जाणीव अनुभवानेच होते.

डिसेंबर २०१८ मध्ये वर्डप्रेसच्या ५.० ह्या आवृत्तीत मुद्रणकलेचा जनक मानल्या जाणाऱ्या गूटेनबेर्कच्या नावाची नवी संपादनपद्धती आली. तीत परिच्छेद, चित्र, मथळा असा प्रत्येक घटक स्वतंत्र ठोकळा म्हणून मांडला जातो. पान कसे दिसेल ते लिहितानाच कळते. परंतु जुन्या पद्धतीस सरावलेल्या अनेकांना सर्व पुन्हा शिकावे लागले, व त्यावर नाराजीही व्यक्त झाली.

ह्या शिक्षणाचा मोठा भाग शाळा-महाविद्यालयांबाहेर, परस्पर साहाय्याने होतो. वर्डप्रेसच्या वापरकर्त्यांचा पहिला मेळावा ऑगस्ट २००६ मध्ये सॅन फ्रॅन्सिस्को येथे भरला. पुढे मुंबई, पुणे व नाशिक येथेही असे मेळावे झाले. द्रुपलची आशियाई परिषद फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईतील भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत भरली होती.

देवनागरी व मराठी : भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. आरंभीच्या मराठी संकेतस्थळांपुढील अडचण लिपीची होती. प्रत्येक वृत्तपत्राचा फाँट निराळा असे. तो वाचकाने उतरवून न घेतल्यास पानावर निरर्थक चिन्हे दिसत. असा मजकूर माहितीसंचयात साठविता येई, पण त्यात शब्द शोधता येत नसे, कारण संगणकाच्या लेखी ती देवनागरी अक्षरेच नव्हती. आशय व रूप यांची फारकत हे ह्या प्रणालींचे मूलतत्त्व. येथे तर प्रत्यक्ष अक्षरच रूपाशी जखडलेले होते. देवनागरीचा समावेश युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्याच आवृत्तीत झाला होता. संगणकांच्या कार्यकारी प्रणाली, ब्राउझर व माहितीसंचय यांत तो रुजल्यावरच मराठीसाठी आशय व्यवस्थापन खऱ्या अर्थाने शक्य झाले. तरीही संचयाचा अक्षरसंच चुकीचा निवडल्यास साठविलेल्या मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हांच्या ओळी उमटत, आणि एकदा तसे झाले की मूळ मजकूर परत मिळत नसे.

१९९६ मध्ये अमेरिकेतील मराठी भाषकांच्या पुढाकाराने सुरू झालेले ‘मायबोली’ आणि पुढील दशकातील ‘मिसळपाव’ ह्या संकेतस्थळांनी द्रुपलचा वापर केला. कळफलकाची ओळख नसलेल्यांना पानावरच मराठी लिहिता यावे म्हणून ‘गमभन’ ही टंकलेखन सुविधा अशा प्रणालींना जोडण्यात आली. अनेक हौशी लेखकांनी आयुष्यात प्रथमच मराठीत टंकलेखन केले ते अशा चौकटीत. वर्डप्रेस व द्रुपल यांची व्यवस्थापकीय पानेही स्वयंसेवकांनी मराठीत आणली आहेत. देवनागरीतील ‘.भारत’ हे डोमेन ऑगस्ट २०१४ पासून उपलब्ध आहे. वर्णक्रमाची अडचण मात्र काही ठिकाणी जाणवते. मराठी परंपरेत ‘क्ष’ व ‘ज्ञ’ ही अक्षरे वर्णमालेच्या शेवटी येतात. संगणक त्यांस जोडाक्षरे समजून ‘क’ व ‘ज’ यांच्याखाली घालतो. कोशवजा संकेतस्थळ रचणाऱ्यास ह्याची तजवीज स्वतः करावी लागते.

सुरक्षितता व देखभाल : एकच आज्ञावली लक्षावधी ठिकाणी चालत असल्याने तीत सापडलेला एक दोष सर्वांसच धोक्यात आणतो. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी द्रुपलमधील एक गंभीर दोष व त्यावरील दुरुस्ती जाहीर झाली. त्यानंतर सात तासांच्या आत ज्यांनी दुरुस्ती केली नाही त्यांनी आपल्या संकेतस्थळात शिरकाव झाला असे समजूनच चालावे, असा इशारा द्रुपलच्या सुरक्षा गटाला पुढे द्यावा लागला. जानेवारी २०१७ मध्ये वर्डप्रेसमधील एका दोषावर दुरुस्ती निघाली. पण ज्यांनी ती बसविली नाही अशा असंख्य संकेतस्थळांवरील पाने फेब्रुवारीत परक्यांनी बदलून टाकली. किरकोळ सुधारणा आपोआप बसविण्याची सोय वर्डप्रेसमध्ये ऑक्टोबर २०१३ पासून आहे. तरीही नियमित प्रत काढून ती दुसऱ्या ठिकाणी ठेवणे आणि प्रत परत बसविता येते की नाही हे मधूनमधून पडताळून पाहणे, याला पर्याय नाही.

लहान संस्थांच्या बाबतीत परक्यांच्या हल्ल्याइतकाच घरचा विसराळूपणाही घातक ठरतो. संकेतस्थळ बहुधा एखादा उत्साही कार्यकर्ता उभारतो. डोमेन त्याच्या नावावर असते, पासवर्ड त्याच्याजवळ असतो. तो नोकरीनिमित्त परगावी गेला आणि नूतनीकरणाची तारीख उलटली, की वर्षानुवर्षांचा मजकूर एका दिवसात दिसेनासा होतो. यास्तव डोमेन संस्थेच्या नावे नोंदवावे, प्रशासकाचे अधिकार किमान दोन व्यक्तींकडे असावेत व सर्व नोंदी दप्तरात लेखी असाव्यात, हे नियम तांत्रिक ज्ञानाइतकेच महत्त्वाचे आहेत.

मालकीचा प्रश्न : स्थापना व देखभाल यांचा त्रास नको असलेल्यांसाठी स्क्वेअरस्पेस, विक्स यांसारख्या भाडेतत्त्वावरील सेवा पुढे आल्या. त्या शिकण्यास सोप्या आहेत. परंतु तेथील रचना जशीच्या तशी उचलून अन्यत्र नेता येत नाही. मुक्त प्रणालीत मजकूर, साचे व आज्ञावली ह्या तिन्हींची प्रत आपल्याजवळ ठेवता येते आणि होस्टिंग बदलता येते. अर्थात परवाना मुक्त असला तरी सत्तेचा प्रश्न पूर्णपणे सुटत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये मलनवेग व त्यांची ऑटोमॅटिक कंपनी एका बाजूस आणि डब्ल्यूपी इंजिन ही होस्टिंग कंपनी दुसऱ्या बाजूस, असा बोधचिन्हाच्या वापराविषयी व प्रकल्पातील योगदानाविषयी वाद उद्भवला. त्यात डब्ल्यूपी इंजिनच्या ग्राहकांचा सुधारणा मिळविण्याचा नेहमीचा मार्ग काही काळ बंद झाला. प्रकरण अमेरिकेतील न्यायालयात गेले व डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने डब्ल्यूपी इंजिनच्या बाजूने अंतरिम मनाई हुकूम दिला. आज्ञावली सर्वांची असली, तरी तिच्या वितरणाचे केंद्र कोणा एकाच्या हाती असू शकते, हे ह्या प्रकरणाने वापरकर्त्यांच्या ध्यानात आणून दिले.

आशय व्यवस्थापन प्रणालीने महाजालावरील लेखनाचा अधिकार आज्ञावलीकारांच्या छोट्या वर्तुळाबाहेर नेला, हे तिचे निर्विवाद कार्य होय. गावचे वाचनालय, शाळा वा इतिहास मंडळ आज अल्प खर्चात आपले दप्तर जगापुढे ठेवू शकते. मात्र ते दप्तर वीस वर्षांनीही वाचावयास मिळेल की नाही, हे प्रणालीच्या निवडीपेक्षा ती सांभाळणाऱ्यांच्या शिस्तीवर अवलंबून असते. मजकुराची नीट विभागणी, नियमित प्रत, वेळच्या वेळी दुरुस्ती आणि अधिकारांची लेखी सोपवणूक ह्या गोष्टी ज्या संस्थेने आत्मसात केल्या, तिला एखादी प्रणाली कालबाह्य झाली तरी दुसऱ्या प्रणालीकडे आपला आशय सुखरूप नेता येतो.